प्रेसवर बोट गेलं, त्यानंतरचे तीन महिने

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्यात, टाइम ऑफिस सांभाळते. हजेरी, पगार, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), पीएफ, कॅन्टीनच्या तक्रारी, सगळं माझ्याच टेबलावर येतं. १९ वर्षं झाली. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असा माल निघतो. कामावर बहुतेक पोरं नांदेड, लातूर, बीडकडची आणि यूपी-बिहारची. अशा शॉपमध्ये बोटं जातात. ती जाऊ नयेत म्हणून काय करायचं, तो वेगळा विषय आहे. आज लिहितेय ते बोट गेल्यावर त्या माणसाला त्याच्या मानानं आणि त्याच्या पगारावर परत कामावर कसं आणायचं, याबद्दल. छोट्या कारखान्यांचे मालक, सुपरवायझर आणि माझ्यासारखे टाइम ऑफिसवाले, तुमच्यासाठी.

मला हे सुरुवातीला येत नव्हतं. आधीच्या कंपनीत एका हेल्परचा अंगठा गेला. आम्ही त्याला दवाखान्यात पोचवलं, फॉर्म भरले आणि आपलं काम झालं असं समजलो. पाच आठवडे कुणी त्याला फोन केला नाही. सहाव्या आठवड्यात मी केला, तर तो गावी गेलेला. म्हणाला, "कुणी काही बोललंच नाही, मला वाटलं काढून टाकलं." त्याला कुणीही काढलेलं नव्हतं. पण तो परत आला नाही, आणि त्या दिवसापासून मी हे काम वेगळ्या पद्धतीनं करायला लागले.

पहिला तास

हाताला स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. कापूस लावू नका, धागे जखमेत अडकतात. हळद, चहापत्ती, ऑइल काही नको. बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढा. आणि कितीही मागितलं तरी चहा-पाणी देऊ नका, कारण लगेच ऑपरेशन लागू शकतं. आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला आधी पाणी पाजायची सवय आहे, त्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं.

तुटलेला तुकडा शोधा. डायमध्ये (प्रेसच्या साच्यात), स्क्रॅपच्या ट्रेमध्ये, कुठेही असेल तर शोधा. सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, त्यानं पेशी गोठून मरतात. आमच्याकडे एकदा एकानं चांगल्या मनानं बोट बर्फाच्या भांड्यात टाकलं होतं. सर्जननं बघितल्याबरोबर नकारार्थी मान हलवली. आता आमच्या फर्स्ट एड पेटीत झिपच्या चार पिशव्या, गॉज आणि सलाइनची बाटली एकत्र बांधून ठेवलेली असते, आणि कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये बर्फाचा एक ट्रे कुणीही सरबताला वापरायचा नाही.

प्रेसखाली चिरडलेलं बोट पुष्कळदा जोडता येत नाही. पण ते ठरवायचं काम सर्जनचं आहे, सुपरवायझरचं नाही. म्हणून हाताच्या शस्त्रक्रिया करणारा किंवा प्लास्टिक सर्जन रात्रीही कुठल्या हॉस्पिटलमध्ये मिळतो, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. ईएसआयचं हॉस्पिटल लांब असेल तर इमर्जन्सीला आधी जवळच्या ठिकाणी न्या. बिलं आणि केसपेपर जपा, इमर्जन्सीच्या खर्चाची मागणी नंतर करता येते.

पहिली संध्याकाळ

यापुढे मी मुखेडच्या मुलाबद्दल सांगते. शॉपमध्ये पोरांना गावाच्या नावानं ओळखतात, म्हणून तो मुखेडकर. वय २४, उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं नखाकडचं पेर गेलं. सेकंड शिफ्ट, रात्री साडेनऊ.

घरी कोण कळवणार, हे ठरलेलं असावं. खोलीवरचा दोस्त रडत-ओरडत फोन करतो आणि बायकोला वाटतं, माणूसच गेला. फोन कंपनीतल्या जबाबदार माणसानं करावा. काय झालं, कुठे ठेवलंय आणि आपण कधी येऊ शकता, एवढं शांतपणे सांगावं. त्याआधी मालकाकडून नोकरीबद्दल शब्द घ्यावा. मी फोन केला तेव्हा त्याची बायको पहिलं हेच बोलली: "ताई, आता ह्यांना कामावरून काढतेत का?" जखम किती, दुखतंय का, हे तिनं नंतर विचारलं. मी मालकांशी आधीच बोलले होते, म्हणून मला ठाम सांगता आलं, "नाही काढणार. त्याची जागा राहील, पगाराचं मी बघते."

हा शब्द पहिल्या रात्रीच पोचायला हवा. आठ दिवसांनी सांगाल तेव्हा त्या घरात भविष्याचे सगळे निर्णय झालेले असतात: खोली सोडायची, गावी जायचं, भावाकडून पैसे घ्यायचे, वकील बघायचा. मग तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

कागद, पण त्याच्या बाजूनं

अपघाताची नोंद अपघात-वहीत त्याच दिवशी. ईएसआयच्या पोर्टलवर अपघात अहवाल २४ तासांच्या आत. माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकणार नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, ईएसआय आणि नुकसानभरपाईचे जुने कायदे तिच्यात आले. कलमांचे नंबर आणि फॉर्मची नावं बदलली तरी कळवायची घाई तीच राहते.

अहवालात "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द लिहू नका. मशीननं काय केलं ते लिहा. मुखेडकरच्या वेळी दोन हातांच्या बटणांऐवजी (दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस चालतं) पायाचं पेडल जोडलेलं होतं, कारण पार्ट लहान होता आणि पेडलवर काम भरभर होतं. आम्ही तसंच लिहिलं. "माझी चूक झाली" असा कागद त्याच्याकडून घेतला नाही. असा कागद घेणाऱ्या कंपनीत माणूस परत आला तरी मनानं येत नाही.

ईएसआयचे फायदे कामगाराला नीट माहीत नसतात, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ मालकांनाही नसतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस यात येतो. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी संरक्षण आहे. काम करता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. साध्या आजारपणात मात्र ७० टक्के आणि वर्षात ९१ दिवसच. म्हणूनच अपघात अहवाल वेळेवर आणि बरोबर जायला हवा. तो गेला नाही तर कामावरची दुखापत आजारपणात धरली जाते आणि गरीब माणसाचा तोटा होतो. या काळात त्याला कामावरून काढता येत नाही, हेही मालकांनी लक्षात घ्यावं.

दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, बँक खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, आणि पैसे अडकतात. नवीन माणूस कामावर घेतानाच हे तपासा. दोन, ठेकेदारानं नोंदणीच केलेली नसते. ठेक्यावरचा असला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाचा ईएसआय नंबर माझ्या वहीत असल्याशिवाय मी हजेरी लावत नाही. ठेकेदार चिडतात, चिडोत.

ईएसआयचा पहिला हप्ता यायला वेळ लागतो, खोलीभाडं मात्र पाच तारखेला द्यावंच लागतं. आम्ही एका महिन्याच्या खर्चाइतकी बिनव्याजी उचल देतो आणि तो कामावर आल्यावर लहान हप्त्यांनी वळती करतो.

ज्यांना ईएसआय लागू नाही, त्यांची भरपाई आणि औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकावर येतो. पैसे हातात ठेवून कोऱ्या कागदावर सही घेण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. असं कुणी सांगितलं तर तुम्ही टाइम ऑफिसवाले नाही म्हणा.

मधले आठवडे

आठवड्यातून एक फोन, ठरलेल्या वारी, एकाच माणसाचा. मी गुरुवारी दुपारी करायचे. "कधी येतोस?" हा प्रश्न विचारायचा नाही. टाके कधी काढणार, झोप लागते का, घरी कोण आहे, पैसे जमा झाले का, एवढंच बोलायचं. लाइनवरच्या बातम्याही सांगायच्या. कुणाचं लग्न ठरलं, दिवाळीला काय दिलं. त्याला आपण अजून त्या लाइनवरचे आहोत असं वाटत राहतं.

टाके निघाले की खरी मेहनत सुरू होते आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. दुखतं म्हणून माणूस हात कुशीत घेऊन बसतो, घरचेही "हलवू नको" म्हणतात, आणि गेलेल्या बोटाबरोबर चांगली बोटंही कडक होऊन बसतात. मी अशा मुठी पाहिल्या आहेत ज्या मिटतच नाहीत. म्हणून सर्जनला पहिल्याच भेटीत विचारा की हालचाल कधीपासून आणि फिजिओथेरपी कुठे.

मुखेडकरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घरातलाच उपाय दिला. बोटाचं टोक इतकं हुळहुळं झालेलं की चादर लागली तरी कळ जायची. त्यांनी सांगितलं, एका वाटीत रवा, एकात तांदूळ, एकात तूरडाळ, एकात राजमा. आधी रव्यात बोटं फिरवायची, ते सोसलं की तांदूळ, मग डाळ. मी एकदा घरी गेले तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तांदळात हात घालून होता. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. बायको शेजारी भाकरी थापत मोजत होती, "शंभर झाले, अजून पन्नास." तीन आठवड्यांत तो राजम्यापर्यंत पोचला. या तीन आठवड्यांत आम्ही त्याला काय दिलं? फिजिओथेरपीला जायचा रिक्षाखर्च. बाकी कष्ट त्या दोघांचे. पण तो रिक्षाखर्च नसता तर तो चौथ्या दिवशी जायचा बंद झाला असता.

मनाकडेही बघा. नसलेल्या पेराला खाज सुटते, हे ऐकून तो स्वतःच घाबरला होता. मी त्याला सांगितलं की हे होतं, मेंदूला ते पेर अजून आहे असंच वाटतं. झोपेत दचकणं, प्रेसचा आवाज कानात येणं, महिनाभरानंतरही थांबत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनवर मोफत बोलता येतं. आम्ही तो कॅन्टीनमध्ये लावलाय.

हलकं काम म्हणजे नक्की काय

डॉक्टर चिठ्ठीवर "हलकं काम द्यावं" लिहितात, कारण तुमच्याकडे कोणती कामं आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि सुपरवायझर हलकं काम म्हणजे झाडू किंवा गेटवर खुर्ची समजतो. कुशल ऑपरेटरच्या हातात झाडू दिलात तर सगळ्या लाइनला कळतं की बोट गेलं की ही किंमत होते.

मी शॉपमधल्या पाच कामांचे मोबाइलवर एकेक मिनिटाचे व्हिडिओ काढले आणि डॉक्टरांना दाखवले. सोबत एक कागद: किती वजन उचलायचं, तासाला किती पार्ट, पकड चिमटीची की मुठीची, हाताला धक्के बसतात का, ऑइल आणि गार लोखंड लागतं का. डॉक्टरांनी दोन मिनिटांत तीन कामं खोडली. त्यात एक मला सगळ्यात सोपं वाटलेलं होतं: पेटीवर टॅग लिहिणं. तर्जनीचं टोक नसलेल्या माणसाला पेन धरणं हेच सगळ्यात अवघड असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी गार लोखंडाबद्दलही सांगितलं. अशा बोटांना थंडी झोंबते. डिसेंबरात सकाळी सातला पत्र्याचे ब्लँक (कापलेले तुकडे) हाताळणं त्याला चिमटीत विस्तव धरल्यासारखं झालं असतं. म्हणून सुरुवातीला जनरल शिफ्ट दिली. हातमोजा सुचवणारे बरेच भेटतील. ड्रिलसारख्या फिरत्या मशीनवर हातमोजा अजिबात नको, तोच हात ओढून नेतो.

एक धोका नीट समजून घ्या. ईएसआयचे ९० टक्के चालू असताना माणसाला "नुसता बसायला ये, रोजचे दोनशे देतो" असं बोलावू नका. ज्या दिवशी तो काम करतो किंवा पगार घेतो, त्या दिवसाचा लाभ त्याला मिळत नाही. पकडलं गेलं तर तो खोटा ठरतो. ईएसआयच्या डॉक्टरांकडून अखेरचं सर्टिफिकेट आणि फिटनेस घ्या, मगच हजेरी लावा, आणि मग कामाचे तास तुम्ही कमी ठेवा. आम्ही पहिला आठवडा ४ तास, दुसरा ६ तास आणि तिसऱ्यापासून पूर्ण ठेवले. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण, हजेरी बोनस कापला नाही. दोन महिने ओव्हरटाइम नाही, नाइट नाही. ४ तासांना पूर्ण पगार दिला तर बाकीचे कुरकुरतील अशी मालकांना भीती होती. कुणी कुरकुरलं नाही. प्रेसवर बसणारा प्रत्येक जण मनात हेच मोजत असतो की उद्या माझं झालं तर.

परत येण्याचा दिवस

त्याच्या आदल्या दिवशी मी लाइनवर पाच मिनिटं बोलले. हात बघायला गर्दी करायची नाही, मोबाइलवर फोटो काढायचा नाही, आणि "थोट्या" हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं मला येऊन भेटायचं. हे असं स्पष्ट बोलावं लागतं. पोरं वाईट नसतात, पण थट्टेत आयुष्यभराचं नाव पडतं.

तो आला तेव्हा उजवा हात पँटच्या खिशात होता. हजेरीच्या पंचिंगला डाव्या हाताचं बोट लावलं, मशीननं घेतलं नाही, कारण नोंद उजव्या तर्जनीची. तिचं टोकच राहिलं नव्हतं. तो तिथेच उभा राहिला, मागे रांग. ही चूक माझी, आदल्या दिवशी नवी नोंद करून ठेवायला हवी होती. तुम्ही ती नक्की करा. पंचिंगची नोंद, लॉकरची किल्ली, गणवेशाची बटणं, कॅन्टीनचं ताट उचलणं, या चार गोष्टी मी आता आधी तपासते.

प्रेसजवळ त्याला लगेच नेऊ नका. आधी मशीन बदललेलं असलं पाहिजे. आम्ही पेडल काढून त्याचं कनेक्शनच बंद केलं, दोन हातांची बटणं आणि लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, त्यात हात आला की प्रेस चालत नाही) लावलं. आठव्या दिवशी मशीन बंद असताना मी आणि त्याचा सुपरवायझर त्याच्याबरोबर गेलो. त्यानं काहीच न बोलता डायच्या खाली काठी सरकवली आणि सुपरवायझरला म्हणाला, "आता चालू करा." मशीन चालू केलं, काठी त्या पडद्यात असेपर्यंत प्रेसचा स्ट्रोक आला नाही. त्यानं तीनदा करून बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, हे तवा असतं तर." मला काही उत्तर देता आलं नाही.

परत प्रेसवर बसायचं की नाही, हे त्यानं ठरवावं. काही जण बसतात आणि त्यांना बरं वाटतं. मुखेडकर बसला नाही. त्यानं टूल रूममध्ये, जिथे डाय बनतात आणि दुरुस्त होतात, शिकायचं ठरवलं. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) डाव्या हातानं धरायला दोन महिने गेले. तोवर मालाचं उत्पादन बघून कुणी तोंड वाकडं करणार नाही याची काळजी सुपरवायझरनं घेतली, आणि ती सुपरवायझरकडूनच व्हावी लागते, टाइम ऑफिसमधून होत नाही.

मेडिकल बोर्ड

कामावर आला म्हणजे केस संपली असं समजून बहुतेक जण इथे थांबतात, आणि कामगाराचा आयुष्यभराचा हक्क बुडतो. तात्पुरता लाभ, म्हणजे ते ९० टक्के, संपला की कायमच्या अपंगत्वासाठी ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढे जायचं असतं. कोणतं बोट गेलं तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, हे कायद्याच्या परिशिष्टात ठरलेलं आहे. अख्खी तर्जनी १४ टक्के, तिचं एक पेर ९. मधलं बोट अख्खं १२, एक पेर ७. अंगठा ३०. मुखेडकरची दोन पेरं म्हणजे १६ टक्के. रोजची सरासरी ५०० रुपये धरली तर ९० टक्के म्हणजे ४५०, त्याचे १६ टक्के ७२ रुपये रोज. महिन्याला साधारण २,१६० रुपये, आणि तेही आयुष्यभर.

कामावर परत आलं, पूर्ण पगार सुरू झाला, तरी ही रक्कम बंद होत नाही. हे प्रत्येकाला दोनदा सांगा. मुखेडकरला कुणीतरी सांगितलं होतं की कामावर गेलास तर पेन्शन जाईल, म्हणून तो आधी महिनाभर यायला कचरत होता. मला ते गुरुवारच्या फोनवर कळलं, नाहीतर कळलंच नसतं.

बोर्डाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या. केसपेपर, एक्स-रे, अपघात अहवालाची प्रत आणि सगळी सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये लावून द्या, आणि जमलं तर सोबत जा. टक्के कमी लागले असं वाटलं तर अपील करता येतं, त्याची मुदत तिथेच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी मोठ्या अक्षरात लिहिते, कारण ती फाइल नंतर त्याच्या बायकोलाच सांभाळायची असते.